‘पानी कुठी जाईन?’

जळगावात पडणाऱ्या पावसाच्या प्रत्येक थेंबाचं पुढे काय होतं, याची काळजी अख्ख्या जगात एकाच माणसाला आहे आणि तो माणूस माझ्या बायकोचा मामा आहे. पाऊस कधी येणार हे विचारणारे आमच्याकडे ढीगभर सापडतील. आलेला पाऊस जाणार कुठे, हे विचारणारे मामा एकटेच. मूळचे फैजपूरकडचे, केळीवाल्यांच्या घरातले. जळगावच्या पिंप्राळ्यात राहून त्यांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. डोंगर, सूर्य, झोपडी, नदी हे चित्र पोरं काढायची आणि मामा फटाफट मार्क कापायचे. “घर नदीच्या काठावर काढलं, जोतं नही काढलं. पानी कुठी जाईन?” त्यांच्या हाताखालून गेलेली एक अख्खी पिढी आजही झोपडी डोंगराच्या शेंड्यावर काढते.

मामांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक लिंबू असतं. कुठल्याही घरात, कार्यालयात, देवळात गेले की ते लिंबू हळूच जमिनीवर सोडायचं आणि कुठे घरंगळतं ते बघून उतार ठरवायचा, ही त्यांची शास्त्रशुद्ध पद्धत. (मामी सरबत करायला गेल्या की घरात लिंबू सापडत नाही ते यामुळेच.) आमच्या कॉलनीत एका नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. नव्या बांधकामाने आपल्या हद्दीतलं पावसाचं पाणी आपल्याच हद्दीत जिरवायचं, हा नियम मामांना मंगलाष्टकांसारखा पाठ. त्यामुळे आहेर देण्याआधीच त्यांनी यजमानांना विचारलं, “शोषखड्डा दाखवा.” खड्डा नकाशात होता, जागेवर गाडीची शेड होती. मामांनी मान हलवली आणि लिंबू सोडलं. ते नव्या फरशीवरून ऐटीत घरंगळत, सत्यनारायणाला वळसा घालून, थेट यजमानीणबाईंच्या पदरापाशी थांबलं. नव्या घरात, पूजा चालू असताना, कुणीतरी लिंबू टाकलं! बाई किंचाळल्या, भटजी पोथी घेऊन उठले, कुणी मिरच्या आणायला धावलं. या गदारोळात मामा मात्र समाधानाने मला म्हणाले, “पाह्यलं न जावईबापू? बठ्ठा उतार माह्याच घराकडे हाये.”

सगळा उतार त्यांच्याकडे, हे खरंच होतं. मामांचं घर कॉलनीतलं सगळ्यात जुनं, म्हणून सगळ्यात खाली. प्रत्येक नवा बंगला आधीच्यापेक्षा हातभर उंच जोत्यावर बसला, प्रत्येकाने अंगणात फरशी ठोकली, आणि रस्ता दुरुस्त करणारा प्रत्येक ठेकेदार जुन्या डांबरावर नवं डांबर ओतून निघून गेला. मामांचं घर होतं तिथेच राहिलं आणि गाव वर गेलं. जोराचा पाऊस आला की सगळ्या कॉलनीचं पाणी मामांच्या ओट्यावर हजर. “पाव्हने आले हो,” असं मामींना ओरडून सांगत मामा खराटा घेऊन स्वागताला उभे. मामींचे गुडघे मात्र पाणी उपसून पार गेले होते. शेवटी पुण्याच्या मुलाने निक्षून सांगितलं, आता एकदा जरी घरात पाणी शिरलं, तर घर विकायचं आणि दोघांनी पुण्याला यायचं. त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

मामांना आधार होता तो घरासमोरच्या ओपन स्पेसचा. मातीचं मैदान, त्यामुळे निम्मं पाणी तिथे जिरायचं. आणि नेमकं तेच सुशोभित करायचं, सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवायचे, असं कॉलनीच्या अध्यक्षांच्या मनात आलं. बैठक भरली. मामांनी नियम सांगितले, उतार सांगितला, लिंबूही सोडून दाखवलं. लोकांनी जांभया दिल्या. अध्यक्ष “मंजूर” म्हणणार, तेवढ्यात मामांनी अगदी साधा प्रश्न विचारला.

“मंग हिवाळ्यात भरीत कुठी कराचं?”

जांभया अर्ध्यावरच मिटल्या. दर हिवाळ्यात आमची भरीत पार्टी त्याच मैदानावर होते. मातीवर कपाशीच्या काड्या पेटवायच्या आणि त्यात हिरवी वांगी भाजायची. पेव्हर ब्लॉकवर जाळ कोण करू देणार?

“गॅसवर भाजू,” अध्यक्ष म्हणाले. बिचारे बाहेरगावचे होते.

धरणगावच्या एक अक्का ताडकन उठल्या. “गॅसवरलं भरीत? माह्या घरचं मांजर बी खात नही!” मग जो हलकल्लोळ झाला, त्यात अध्यक्षांनीच घाईघाईने ठराव मांडला, की मैदान मातीचंच राहील. मामांनी त्याच झपाट्यात कोपऱ्यात मोठा शोषखड्डाही मंजूर करून घेतला. पाण्यासाठी कुणी हात वर केला नव्हता, भरतासाठी सगळ्यांनी दोन्ही हात वर केले.

पुढच्या पावसाळ्यात धो-धो पाऊस झाला. मी धावत गेलो, तर मामा खराटा घेऊन कोरड्या ओट्यावर बसलेले. पाणी मैदानाकडे वळून खड्ड्यात गुडूप होत होतं. मी अभिनंदन केलं, तर चेहरा पडलेला. “इतक्या वर्षांचं येनं-जानं,” ते म्हणाले, “एकदम तोडलं पाव्हन्यांनी.” आणि मग इतके हसले की मामी आतून बघायला आल्या. घर वाचलं होतं.

पण जे पुराला जमलं नाही ते एका तान्ह्या नातीने केलं. ती जन्मली आणि दोघं तिला सांभाळायला पुण्याला गेले ते तिकडचेच झाले. चौदाव्या मजल्यावर राहतात. तिथे लिंबू कुठेच घरंगळत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. मला त्यांची फार आठवण येते.

इकडे पाऊस लागल्याचं कळलं की त्यांचा फोन येतो. “जावईबापू, जरा जाऊन पाहा न.” मी छत्री घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात जातो, वाकतो आणि फोन खड्ड्यापाशी धरतो. पाणी गटागटा आत जात असतं. पलीकडून मामा विचारतात,

“जाऊ राह्यलं न?”

“जाऊ राह्यलं, मामा.”

मागे त्यांच्या घराला कुलूप असतं, आणि उंबरा कोरडा असतो.