माझं ग्राफिक्स कार्ड

आमच्या घरातला कॉम्प्युटर कोणाचा, असं कोणी विचारलं असतं तर घरातल्या प्रत्येकाने एकच उत्तर दिलं असतं: मुलाचा. तो नववीत असताना त्याच्या अभ्यासासाठी म्हणून आम्ही तो घेतला होता. पुढे मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, हॉस्टेलवर राहायला लागला आणि कॉम्प्युटर नाशिकरोडलाच राहिला. तरी तो मुलाचाच. सासूबाईंनी त्याच्यासाठी झालर लावलेलं कव्हर शिवलं होतं. ते काढून घडी घालणारी मी, स्क्रीन पुसणारी मी आणि दुपारची आवराआवर झाली की त्याच्यासमोर बसून सुसाट गाडी हाकणारीही मीच. पण माझं नाव कोणी घेतलं नसतं.

हो, मी गेम खेळायचे. गाड्यांच्या शर्यतीचा. मुलगा खेळायचा तेव्हा त्याच्या मागे उभी राहून बघता बघता शिकले, आणि तो गेल्यावर घर खायला उठायचं म्हणून खेळायला लागले. थोड्या दिवसांनी घर खायला उठायचं थांबलं, खेळणं थांबलं नाही. खऱ्या आयुष्यात मला सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं. स्क्रीनवर मात्र घाटातलं आंधळं वळण मी ब्रेकला हात न लावता घ्यायचे. संध्याकाळी चौथीच्या मुलांच्या शिकवण्या असायच्या. त्याआधीचे ते दोन तास माझे होते. तेही भारनियमनाने सोडले तर. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, म्हणजे सगळ्या जगाला वीज पुरवणार आमचा माणूस, आणि शेवटच्या फेरीत मी पहिली असताना अंधार आमच्याच घरात. संताप संताप व्हायचा.

त्या गेमचा नवा भाग आला तो मी स्वतः दुकानातून आणला. सीडी घातली, तासभर वाट पाहिली, आणि सुरू झाल्यावर बघते तर रस्ताच नाही! गाडी काळ्या पोकळीत तरंगतेय आणि अडखळत, थांबत पुढे सरकतेय. कॉम्प्युटर आता पाच वर्षांचा झाला होता, त्याच्या पंख्याचा आवाज गिरणीसारखा यायचा. मी वर्तमानपत्रातलं कॉम्प्युटरवरचं सदर वाचलं, त्यावरचं एक मासिक आणलं, स्क्रू काढून आतली धूळ झटकली आणि आत कुठली जागा मोकळी आहे तेही बघितलं. एक ग्राफिक्स कार्ड आणि थोडी रॅम, एवढंच हवं होतं. रात्री जेवताना मी तसं सांगितलं.

"पोरगं तर पुण्यात," नवरा म्हणाला. "आता कशाला?"

"मी आहे ना इथे."

"तुला पत्त्यांपुरता चालतोय की तो."

पत्ते! वर्षभर मी त्याच्या डोळ्यांदेखत गाड्या पळवत होते आणि या माणसाच्या मते मी पत्ते खेळत होते. मी भाजीचं भांडं जरा जोरातच आपटलं. सासूबाईंनी वर पाहिलं आणि "मीठ कमी आहे का?" असं विचारलं.

त्याच आठवड्यात निफाडहून धाकटे दीर आले. त्यांची द्राक्षबाग, छाटणीचे दिवस तोंडावर आलेले, औषधं न्यायला आले होते. चहा घेताना मी त्यांना विचारलं, कारण जुनं ठेवायचं की उपटून नवं लावायचं हा त्यांचा रोजचा प्रश्न. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"वहिनी, मूळ चांगलं हाय का त्याचं?"

"चांगलं आहे. नुसतं चित्र काढायला कमी पडतो."

"मंग उपटायचा कशाला? आम्ही काय करतो, खुंट तोच ठेवायचा अन् वर नवं कलम भरायचं. लय जोरात येतो मग वेल."

मला इतकं बरं वाटलं की मी उठून त्यांच्यासाठी पुन्हा चहा टाकला. घरात एक तरी माणूस माझ्या बाजूचा निघाला. कप हातात देते तोच म्हणाले, "करून टाका वहिनी. दिवाळीला पोरगा आला म्हंजी खूश होईल."

तेव्हा म्हटलं, दुकानात तरी जाऊ. तिथे गिऱ्हाईक हे गिऱ्हाईक असतं. नवरा सुट्टीच्या दिवशी बरोबर आला आणि आम्ही बसने शालिमारला उतरून दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाला मी विचारलं, माझ्या मदरबोर्डवर कार्डासाठी वेगळी जागा आहे, तिथे बसेल असं कुठलं आहे? त्याने माझा प्रश्न ऐकला आणि नवऱ्याकडे बघून उत्तर दिलं.

"सर, मुलगा कितवीला आहे?"

"इंजिनिअरिंगला," नवरा खुशीत म्हणाला.

"मग याला हात लावू नका सर. आता नवीनच घ्या. मुलाला कामाला येईल."

मी विचारलं, कार्ड टाकलं तर आधीचा पॉवर सप्लाय पुरेल का? त्यावर तो पुन्हा नवऱ्यालाच म्हणाला, "मॅडमना सांगा, ते टेक्निकल असतं." नवऱ्याने मला सांगितलं, "ते टेक्निकल असतं." मी दुकानातून बाहेर पडले. नवरा मागून आला तो रसवंतीवर उसाचा रस पिऊ या का विचारत. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि त्याला वाटलं मला उन्हाचा त्रास झाला.

शेवटी "मुलाला विचारू, त्याला कळतं" असं ठरलं. माझी या एका माणसावर भिस्त होती. ज्याच्या मागे उभी राहून मी शिकले, ज्याला गेल्या सुट्टीत घाटाच्या वळणावर मागे टाकलं होतं, तो तरी सांगेल. रविवारी त्याचा फोन आला, बापाने विचारलं आणि मग फोन माझ्या हातात दिला.

"आई, तुला ग्राफिक्स कार्ड?" तो हसत सुटला. मागे त्याचे मित्रही हसत होते. "राहू दे गं. मी आलो की बघू."

त्या हसण्याने मला जे लागलं ते दुकानदाराच्या बोलण्याने लागलं नव्हतं. दुकानदार परका होता.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पुजतात आणि पुजलेल्या हत्याराला दिवसभर काम लावत नाहीत. नवऱ्याची पक्कड, टेस्टर, पाने मांडले होते. स्कूटरला हार. मुलगा घरी नसताना त्याची शाळेतली कंपासपेटीसुद्धा मांडलेली. कॉम्प्युटरला झेंडूची माळ. माझी विळी होती एका कडेला. सासूबाईंनी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, आणि हात जोडून झाल्यावर विळी तेवढी उचलून माझ्या हातात दिली.

"हिला नाही का आज सुट्टी?" मी विचारलं.

"बाईच्या हत्याराला कसली सुट्टी? मग जेवायचं काय?"

"आणि कॉम्प्युटर कुणाचं हत्यार म्हणून मांडलाय?"

"पोराचं," सासूबाई म्हणाल्या. त्यात त्यांना विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. नवरा पुजलेल्या पकडीचा मान राखून कॉटवर पेपर वाचत पडला होता. मी कुंकू लागलेल्या विळीवर मेथी चिरली. डोळ्यांत पाणी आलं, आणि चिरत होते ती मेथी, कांदा नव्हता. जुडी चिरून होईपर्यंत माझं ठरलं होतं. आता कोणाला विचारायचं नाही.

दसरा झाल्यावर मी एकटी शालिमारला गेले. ते दुकान सोडून पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात गेले, हवं ते कार्ड आणि रॅम मागितली, शिकवण्यांच्या पैशांतून आणली आणि दुपारी घरी येऊन स्वतः बसवली. कार्ड खटकन बसलं तो आवाज मला फार आवडला. गेम लावला आणि रस्ता आला. रस्त्यावर झाडांच्या सावल्या होत्या, समोरच्या गाडीच्या काचेत ढग दिसत होते. मी पहिली शर्यत हरले, कारण मी सगळीकडे बघतच राहिले. इतकी खूश मी कितीतरी वर्षांत झाले नव्हते.

दिवाळीला मुलगा आला. "भारी झालाय गं!" म्हणाला आणि सुट्टीभर उठला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. लेकरू आलंय, खेळू दे. एक-दोनदा आम्ही आळीपाळीने खेळलो, आणि माझी फेरीची वेळ त्याला गाठता येईना तेव्हा "हा रस्ता तुझ्या सवयीचा आहे" म्हणाला.

तो निघायच्या सकाळी मी स्वयंपाकघरात त्याचे फराळाचे डबे भरत होते. बेसनाचे लाडू, चिवडा, शंकरपाळे. बाहेर आले तर कॉम्प्युटर उघडा. नवऱ्याने आपल्या पान्या-पकडीने कार्ड काढून पेपरात गुंडाळलं होतं आणि मुलाच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेवत होता. मुलगा शेजारी बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. कोणी चोरून करत नव्हतं, म्हणूनच जास्त राग आला. दोघांनाही विचारायचं असं काही त्यात दिसलंच नव्हतं.

"याच्या रूमवर एक कॉम्प्युटर आलाय," नवरा म्हणाला. "त्याला लागेल. इथे नुसतं पडून राहणार."

मी बॅगेत हात घातला, कार्ड बाहेर काढलं आणि त्या जागी लाडवांचा डबा ठेवला. मुलाच्या हातातली नाडी तशीच राहिली.

"अगं, आई ना तू त्याची?" नवरा म्हणाला.

"आहेच," मी म्हटलं. "म्हणून लाडू दिले. कार्ड माझं आहे."