सात देश फिरलेले चंपतराव

नार्नूरपासून आमच्या गावाकडे येताना फाट्यावर कुणालाही विचारा, “परदेशवाले चंपतराव कुठं राहतात?” लोक नुसता पत्ता सांगणार नाहीत, घरापर्यंत सोडायला येतील. कारण चंपतराव सात देश फिरून आलेले. ओमान, कुवेत, सौदी, कतार, बहरीन, दुबई आणि शारजा. दुबई आणि शारजा हा एकच देश आहे, असा आक्षेप आमच्या नागसेन मास्तरांनी एकदा घेतला होता. चंपतरावांनी शांतपणे विचारलं, “तुमी गेलते का?” मास्तर नागपूरच्या पलीकडे गेले नव्हते. देश सातच राहिले.

माणूस बासष्टीचा, वाळलेला, पण बुद्धपौर्णिमेला पांढरा सदरा घालून विहारात बोलायला उभा राहिला की सरकारी पाहुण्यासारखा दिसायचा. भन्ते पंधरा मिनिटांत आटोपायचे, चंपतराव तासभर. खजुराच्या बागा, ज्यांचे चंपतराव सुपरवायझर. संगमरवरी बाजार, आत इतका गारवा की शाल घ्यावी लागते. संध्याकाळी समुद्रावर फिरायला जाणं, आणि तिथं एका अमिराने गाडी थांबवून त्यांना आधी रस्ता ओलांडू देणं. तो अमीर दर वर्षी थोडा आणखी नम्र व्हायचा. मागच्या वर्षी तर गाडीतून उतरला. आम्ही सगळे हे ऐकत मोठे झालो, काही ऐकत म्हातारे झाले.

या कीर्तीमुळे गावात एक रीत पडली. कुणी आखातात निघाला की त्याची बॅग चंपतरावांनी भरायची आणि नायलॉनच्या दोरीने त्यांनीच बांधायची. तसं केलं की माणूस सुखरूप परततो, असं सगळे मानायचे. नऊ बॅगा त्यांनी बांधल्या होत्या. दहावी होती त्यांच्या जावयाची.

जावई म्हणजे धम्मदीप. उटनूरला मोटारसायकली दुरुस्त करायचा. सासऱ्याचे सात देश तोंडपाठ. फार्ममध्ये काम आहे, असं एजंटने सांगितलं आणि हा तयार झाला. गुरुवारच्या हैदराबाद बसचं तिकीट काढलं. बुधवारी दुपारी बॅग भरायला म्हणून आम्ही दहा-बारा जण चंपतरावांच्या अंगणात जमलो. प्रगतीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, नवऱ्यासाठी दोन इस्त्रीचे शर्ट, अत्तराची बाटली आणि समुद्रावर घालायची चप्पल काढून ठेवली होती.

धम्मदीपने मोठ्या ऐटीत व्हिसाचा कागद सासऱ्याच्या हातात दिला. चंपतरावांना अरबी वाचता येत नाही. पण कागदावर एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं. चार अक्षरांचा शब्द, शेवटचं अक्षर पाण्यात बसलेल्या बदकासारखं. त्यांच्या स्वतःच्या कागदावर हाच शब्द होता आणि चार वर्षं त्याच्याकडे बघत बसण्याखेरीज त्यांना दुसरं वाचन नव्हतं.

“हा मेंढ्याचा कागद हाय,” चंपतराव म्हणाले. “तू जाऊ नको.”

कुणाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. बागा नव्हत्या. सौदीत चार वर्षं आणि कुवेतमध्ये दोन वर्षं वाळवंटात एक डेरा होता आणि तीनशे मेंढ्या. मालक पंधरा दिवसांनी टँकर आणि पिठाची पोती घेऊन यायचा. तेच पाणी मेंढ्यांना, तेच यांना. बाकीचे पाच देश म्हणजे विमान बदलायची ठिकाणं. बोलायला माणूस नाही म्हणून त्यांनी मेंढ्यांना गावातल्या लोकांची नावं ठेवली होती. नागसेन मास्तर नावाचा एक मेंढा होता, फार ओरडायचा. माझ्या नावाची एक होती, ती लंगडी. यावर दोघं-तिघं हसले. मीही हसलो.

चंपतराव हसले नाहीत. तासाभराच्या वाटेवर दुसरा डेरा होता, तिथं निर्मल गावाकडचा लक्ष्मण होता, म्हणाले. त्याच्या मेंढ्या एकदा आपोआप यांच्याकडे आल्या. हे तिकडे गेले तर लक्ष्मण डेऱ्यात पडलेला, गेलेला. मालक यायला अजून सहा दिवस होते. सहाही दिवस हे त्याच्याजवळ बसून राहिले, कुत्र्यांना हाकत.

चंपतरावांच्या पत्नी रुक्माबाई चुलीजवळून उठून आल्या. “इतके वर्स मले काऊन नाई सांगतलं?”

“सांगतलं असतं त दुसऱ्यांदा जाऊ देल्लं असतं का तुनं?”

धम्मदीपने व्हिसाचा कागद परत घेतला. मग म्हणाला, “मंग समुद्र, मामाजी?”

“इमानातून दिसला.”

जावयाचा चेहरा मात्र हळूहळू उजळला. तो सासऱ्याजवळ उकिडवा बसला आणि समजुतीने म्हणाला, “मामाजी, पोरगी एकटी राहीन म्हणून तुमी मले भेव दाखवून राह्यले. दोनच वर्साचा सवाल हाय.”

नागसेन मास्तरांनी डोळे पुसले. बापाचं काळीज असं असतं, म्हणाले. पोरीसाठी माणूस स्वतःची सगळी कीर्ती मातीत घालायला तयार झाला. सगळ्यांना ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. तीस वर्षं ज्या माणसाचा शब्द न् शब्द आम्ही खरा मानला, त्याचं त्या दुपारी आम्ही काहीच खरं मानलं नाही. चंपतरावांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. प्रगतीकडे सर्वांत शेवटी. ती शर्टाची घडी पुन्हा नीट करत होती.

मग त्यांनी बॅग पुढे ओढली. चप्पल बाजूला काढून बॅगेत घट्ट बूट घातले, अत्तर काढून एरंडेल तेल. जाड गोधडी, सुईदोरा, मिठाची पुडी. दोरी आवळताना जावयाला एवढंच म्हणाले, “रोज मोठ्यानं बोलत जाय. कोनी नसलं तरी. नाई त जीभ इसरते.”

धम्मदीप हसत हो म्हणाला. गुरुवारी बसमध्ये बसला.

अडीच महिने फोन नाही. मग एका शुक्रवारी आला. प्रगतीने स्पीकर लावला, अंगण भरलं. धम्मदीप भडाभडा बोलत होता, आवाज बसलेला, मधेच एखादा शब्द अडायचा. मस्त चाललंय, म्हणाला. मोठी कंपनी आहे. बाजार तर असा, की आत शाल घ्यावी लागते.

चंपतराव फोनजवळ वाकले.

“पानी कवा येते?”

पलीकडे वारा ऐकू येत होता.

“पंधरा दिवसानं, मामाजी,” धम्मदीप म्हणाला. आणि लगेच पुन्हा बाजाराचं सांगू लागला, आधीपेक्षा मोठ्याने.

फोन बंद झाल्यावर प्रगतीने विचारलं, “बाबा, कायचं पानी?”

चंपतरावांनी तिच्याकडे बघितलं नाही. “पोहायचा हौद हाय त्याइच्या कंपनीत,” म्हणाले. “पंधरा दिवसानं पानी बदलतेत.”

प्रगती खुशीत शेजारी सांगायला गेली. चंपतराव तिथंच बसून राहिले. रुक्माबाईंनी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि त्यांच्याजवळ खाली बसल्या.