शेळगावच्या तात्यांची भेसळ

ज्वारीचा दाणा दाताखाली धरल्याशिवाय तात्या त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नसत. टचकन फुटला तर मान डोलवायचे, नाहीतर थुंकून मोकळे. सगळं शेळगाव उसाच्या मागे लागलं तरी अर्ध्या एकरात त्यांनी आजोबांपासूनची ज्वारी टिकवली होती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पीएच.डी.साठी गावठी ज्वारीचे नमुने गोळा करत होते. पिकाच्या जनुकसाखळीत काही तुकडे जागा बदलत फिरतात. ते कुठे कुठे जाऊन बसलेत यावरून ज्वारीचं एक रोप दुसऱ्यापासून किती वेगळं, ते कळतं. हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"म्हंजी माळेगावच्या कारखान्याला ऊसतोडीच्या टोळ्या येत्यात, तसं? त्यांच्या पाचटाच्या कोप्या, झोपड्या कुठं पडल्यात त्यावरनं टोळी वळखायची," तात्या म्हणाले. माझा तोरा तिथेच उतरला.

पाहुण्याला उणं काही द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. नमुन्याची पिशवीसुद्धा त्यांनीच भरली, मला हात लावू दिला नाही.

प्रयोगशाळेत माझं धाबं दणाणलं. सगळी रोपं एकसारखी! वेगळेपण नसेल तर हा वाण जतनाच्या यादीतून वगळा, असं माझे मार्गदर्शक सर म्हणाले. इकडे तात्यांचा मुलगा ही सुगी उरकली की त्या अर्ध्या एकरातही ऊस लावणार होता. मग ते बी कुठेच उरलं नसतं.

मी तडक शेळगाव गाठलं. काढणी चालू होती. "तात्या, मागचं बी कुठनं काढलं होतं?"

"एकाच कणसाचं. समद्यात ठोसर हेरून ठिवलं व्हतं. तुमी एवढ्या लांबनं येनार, आन् आमी भेसळ देऊ व्हय?"

हसावं की रडावं कळेना. "तात्या, मला ती भेसळच हवीय!"

मग खळ्यावर बसून मी बुटकी, वाकडी, तांबूस कणसं वेचली. प्रत्येकाला तात्या कळवळून म्हणायचे, "ह्ये नगा ओ, लाज जाईल!"

या वेळी रोपारोपांत फरक निघाला आणि वाण यादीत राहिला. निकाल ऐकून तात्या मुलाकडे वळले. "घरात एवढी मानसं, आन् म्या एकल्याचाच फोटू धाडला व्हता."

तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याइतकं कुणी मला शिकवलं नाही. मुलगा आता उसाच्या कडेला ज्वारीच्या चार ओळी पेरतो. परवा नमुना मागितला, तर त्याने रिकामी पिशवीच माझ्या हातात दिली.

"तुमीच येचा, म्याडम. आमी भरली तर चांगलंच भरू."