बॅरिस्टरचा वस्तरा

कोपऱ्यावरच्या दोन खुर्च्यांच्या सलूनचा कारभार तीन भागांत वाटलेला होता. नियम करायचे धाकट्या भावाने. कोणतं गिऱ्हाईक कोणाच्या खुर्चीत, हे ठरवायचं थोरल्याने. आणि तंटा झालाच तर निकाल थोरल्याच्या बायकोचा. ती पडद्यामागे बायकांचे केस कापायची आणि पडद्यापुढचं सगळं ऐकायची. थोरल्याला गल्ली 'बॅरिस्टर' म्हणायची. कोर्टाची पायरी तो एकदाच चढला होता, तीही तिथल्या शिपायाचे केस कापायला.

ही व्यवस्था त्याने एका पुस्तकातून उचलली. कोणीतरी बाकावर विसरलेलं, पुढची पानं गळालेलं ते पुस्तक काही शतकांपूर्वीच्या एका विचारवंत न्यायाधीशाबद्दल होतं. आत त्याचं चित्र होतं. डोक्यावर खांद्यापर्यंत रुळणारा केसांचा टोप.

"एवढा शहाणा, आणि केस उसने," बॅरिस्टरने धंद्याच्या नजरेने मत दिलं. तेव्हापासून तो विचारवंत 'टोपवाला' झाला.

उष्ण हवेत माणसं आळशी होतात, हे टोपवाल्याचं म्हणणं बॅरिस्टरने उडवूनच लावलं. "पंखा बंद पडलेल्या दुपारी ये म्हणावं इथे आणि उभ्याने दाढ्या कर. मग सांग कोण आळशी." पण दुसरी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. ज्याच्या हाती सत्ता येते तो ती ताणत नेतो, समोर भिंत येईपर्यंत. म्हणून सगळी सत्ता एका मुठीत नको. एकाने दुसऱ्याला अडवावं.

हे पटायला त्याला पुराव्याची गरज नव्हती, धाकटा भाऊ होता. हा गृहस्थ फोन खांद्यात दाबून गिऱ्हाइकाच्या गळ्यावरून वस्तरा फिरवायचा. बॅरिस्टरने हट्टच धरला म्हणून धाकट्याने नाक मुरडत नियम केला: ज्याच्या हातून आठवड्यात दोनदा रक्त निघेल त्याने वस्तरा कायमचा खाली ठेवायचा. बॅरिस्टर खूश झाला. भिंती धाकट्यासाठी आणि मोकळं अंगण आपल्याला, असा त्याचा सरळ हिशेब होता.

पुढे वय झालं आणि त्याचा उजवा हात थरथरू लागला. बॅरिस्टरने कोणाला सांगितलं नाही. गिऱ्हाइकांच्या वाटणीचा अधिकार होताच. दाढ्या हळूहळू धाकट्याकडे सरकल्या. जुनं गिऱ्हाईक असलेल्या रिटायर्ड पोस्टमास्तरांची दाढी मात्र तो सोडेना. त्यांच्या लग्नाच्या सकाळची दाढी त्याने केली होती. ही दाढीही गेली तर आपण दुकानात फक्त पंखा लावायला उरलो, असं त्याला वाटायचं.

एका आठवड्यात पोस्टमास्तरांचा गाल एकदा कापला. शनिवारी जबडा कापला.

"वहिनी, तक्रार आहे," धाकटा पडद्याकडे तोंड करून म्हणाला. "दादाच्या हातून दुसऱ्यांदा रक्त आलंय."

वहिनी हात पुसत बाहेर आली आणि बाकावर बसली. पोस्टमास्तर जबड्याला तुरटी लावून बसले होते.

"पहिलं धरायचं नाही. ती पुटकुळी होती," बॅरिस्टर म्हणाला.

"आणि आजचं?" वहिनीने विचारलं.

"आज हे मधेच हसले."

"हो, हसलो असेन," पोस्टमास्तर म्हणाले. माणूस इमानी होता.

"कशाला?"

पोस्टमास्तर विचारात पडले. दाढी होताना ते नेहमी झोपलेले असत. "स्वप्नात," ते म्हणाले.

बॅरिस्टरने बाजू बदलली. "नियम कारागिरांसाठी आहे. मी मालक."

"मग कारागीर उरलं कोण?"

"हा!"

"म्हणजे नियम एकट्या भाऊजींना?"

"त्याच्यासाठीच तर केला!"

"ऐकलंत ना, वहिनी?" धाकटा म्हणाला.

"ऐकलं," म्हणत ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही दाढ्या भाऊजींकडे ढकलताय, ते मला दिसत नाही असं वाटलं?"

"वाटणी माझा अधिकार आहे."

"आहे ना. तोच ताणताय."

"तू माझी बायको आहेस की त्याची वकील?"

"आत्ता कोणाचीच नाही. बायको संध्याकाळी भेटेल. तक्रार खोटी असेल तर हात दाखवा. भाऊजी, बसा खुर्चीत."

धाकट्याचा चेहरा उतरला, पण तो बसला. बॅरिस्टरने फेस केला, वस्तरा उघडला. कानापासून जबड्यापर्यंत पहिला हात फिरला आणि लोण्यातून फिरावा तसा फिरला. थरथर औषधालाही नव्हती. बॅरिस्टरला बरं वाटलं. मग जरा जास्तच बरं वाटलं. त्याने धाकट्याची हनुवटी वर केली आणि वस्तरा गळ्याशी नेऊन तिथेच थांबवला.

"फोन वाजला तर घेणार का रे?"

धाकटा हलला नाही.

"या दुकानात नियम कोण करतं?"

"मी," धाकटा ओठ न हलवता म्हणाला.

"अजूनही?"

बायको उठून उभी राहिली होती. पोस्टमास्तर तुरटी लावायची विसरले होते. बॅरिस्टरने आरशात पाहिलं, तर तो स्वतः हसत होता. टोपवाल्याने वर्णन केलेला माणूस इतकी वर्षं तो शेजारच्या खुर्चीमागे शोधत होता.

त्याने वस्तरा मागे घेतला. आतला ताठा उतरला तशी बोटं पुन्हा थरथरू लागली. त्याने वस्तरा मिटून बायकोच्या हातात दिला.

"माझी उरलेली अर्धी कोण करणार?" फेसाने माखलेला धाकटा म्हणाला.

"कारागीर आहेस ना? कर."

सोमवारी पोस्टमास्तर आले. दाढीला धाकट्याकडे पाठवण्याआधी बॅरिस्टरने त्यांना स्वतःच्या खुर्चीत घेतलं. वाटणी अजून त्याचीच होती.

"केस कापतो."

"केस? कुठले?" पोस्टमास्तरांनी चकचकीत टकलावरून हात फिरवला.

कानांमागे जे काही होतं त्यावर कंगवा धरून बॅरिस्टरची कात्री अर्धा तास चालली. पोस्टमास्तर सवयीने झोपी गेले. दुसऱ्या खुर्चीशी धाकटा वस्तरा घेऊन ताटकळत उभा राहिला. संध्याकाळी त्याने नवा नियम केला: टकलाला दहा मिनिटं, वर एक नाही.

बॅरिस्टर तडक पडद्याशी गेला. "तक्रार आहे."

"बसा," आतून आवाज आला. "एक वेणी व्हायचीय."