माझ्या वरातीची चाल

लग्न ठरलं तेव्हा मी मुंबईत चित्रपटांना पार्श्वसंगीत देत होतो आणि उरलेल्या वेळात वाद्यवृंदासाठी मोठ्या रचना करत होतो. पहिल्या कामावर पोट भरायचं, दुसऱ्यावर मन. माझ्या सासऱ्यांची किहीमला नारळीची वाडी होती. त्यांना दोन्ही कामं समजेनात.

"पेटी वाजवता, हे कळलं," ते म्हणाले, "पण करता काय?"

"पडद्यावरची माणसं बोलायची थांबली की माझं संगीत सुरू होतं."

"आणि ती बोलतच राहिली तर?"

"तर मी बसून असतो."

त्यांची मुलगी हसली, म्हणून लग्न झालं असं मला आजही वाटतं.

त्याच सुमारास माझं संगीत असलेला एक चित्रपट अलिबागच्या टॉकीजमध्ये लागला होता. त्यात शेवटी नायकाची आई मरते. त्या प्रसंगासाठी मी सारंगीवर एक संथ चाल बांधली होती. ध्वनिमुद्रणाच्या वेळी सारंगीवाल्याचे डोळे भरून आले होते आणि मी मनातून फार खूश झालो होतो.

लग्नाच्या दिवशी आम्ही माझ्या गावाहून, रेवदंड्याहून, वऱ्हाड घेऊन किहीमला पोचलो. वेशीवर सासऱ्यांनी सांगितलेला बँड उभा होता. मी बैलगाडीतून उतरलो, बँडमास्तरनं मला वाकून नमस्कार केला, क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि ढोल सुरू झाला. दोन ओळी होईपर्यंत मला काही उमगलं नाही. मग ओळखली. ती माझीच चाल होती, आईच्या मरणाची, पण चौपट वेगानं. माझा मामा, जो एरवी गुडघेदुखीनं जिना चढत नसे, तो दोन्ही हात वर करून नाचत होता.

मी बँडमास्तरला बाजूला घेतलं.

"हे वाजवू नका."

"का मालक? चाल चुकली काय?"

"चुकली नाही. पण या चालीवर बाई मरते."

"पिच्चरमधे मरते. आमच्याकडं यावर कोन मेला न्हाय. या मोसमात सगळ्या लग्नांत हीच वाजवली, सगळी सुखात हायेत." मग त्यानं आवाज खाली आणला. "सासऱ्यांनी मुद्दाम सांगितलंय, नवरदेवाचीच चाल वाजवा म्हणून. आधीच उचललेली मी, टॉकीजात सारखा बसून."

मी वरातीत परत गेलो आणि बँड तीच चाल वाजवत मांडवापर्यंत आला. सासरे मांडवाच्या दाराशी उभे राहून टाळ्यांनी ताल धरत होते. आपला जावई काय करतो हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं, आणि ते त्यांना आवडलं होतं.

माझी एक वाद्यवृंदाची रचना तेव्हा तिसऱ्या भागात अडून बसली होती. लग्नानंतर मुंबईला परतलो, तर डोक्यात तो ढोल आणि मामाचे हात. मी ती चाल त्याच वेगात व्हायोलिनांना दिली. भाग झरझर लिहून झाला. सभागृहात कार्यक्रम झाला, टाळ्याही बऱ्या पडल्या. एका वृत्तपत्रानं लिहिलं की तिसऱ्या भागावर युरोपातल्या ग्रामीण नृत्यांची छाप स्पष्ट दिसते. किहीम युरोपात नेमकं कुठे येतं, असं मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "अलिबागच्या जरा पुढे."

कार्यक्रमाला आमचे निर्माते आले होते, ज्यांच्या चित्रपटात ती आई मेली तेच. ते रंगमंचामागे येऊन माझा हात धरून म्हणाले, "ती तिसऱ्या भागातली चाल मला द्या. टांग्यातलं विनोदी गाणं करू."

"ती तुमच्याकडे आहेच," मी म्हटलं. "आई मरते तिथे."

"तिथपर्यंत लोक बसत नव्हते हो," ते म्हणाले.

मी चाल दिली. गाणं चाललं, आणि त्यानंतर मला विनोदी चित्रपटांचीच कामं येऊ लागली.