वरच्या धपाट्याची जागा

नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत एक्स-रेचं एक यंत्र आहे. आकार फ्रिजएवढा, दार शिशाचं आणि मान जावयाचा. उन्हाळ्यात त्याला गारवा लागतोच लागतो, मला नाही मिळाला तरी कुणाचं अडत नाही. खाण्याचं पाकीट आतल्या चकतीवर ठेवलं की ते सावकाश गोल फिरतं, यंत्र सगळ्या बाजूंनी चित्रं घेतं, आणि संगणक ती जोडून पाकीट न फोडता आतलं सगळं काप काढल्यासारखं दाखवतो. मी मूळचा मुरुडचा. गावी गेलो की लोक विचारतात, नेमकं काय करतोस? पाकिटांचा डॉक्टर आहे म्हणून सांगतो. त्यावर सगळे हसतात आणि मला चहा पाजतात.

यंत्राच्या आणि माझ्याही वर आमच्या मॅडम. नांदेडच्याच, वडिलांचं जुन्या गावात पत्र्याच्या डब्यांचं दुकान होतं. झाकण नीट बसलं का, हे बघण्यात त्यांचं लहानपण गेलं. त्यांचा धीर मला आजवर जमलेला नाही, आणि तो बघताना मला अजून नवल वाटतं.

एक दिवस लोह्याच्या एक मावशी आल्या, हातात कापडी पिशवी. त्या आणि गल्लीतल्या बायका मिळून धपाटी करतात आणि पाकिटात भरून लातूरला पाठवतात. तिथे शिकायला आलेली बाहेरगावची मुलं ती घेतात. पाकीट आम्हीच ठरवून दिलेलं होतं. पाच धपाट्यांचं माप, तोंड उष्णतेने चिकटवायचं, आणि भरताना पाकिटाच्या तोंडात पुठ्ठ्याची रुंद नळी धरायची, म्हणजे धपाट्यांचे तीळ आणि तेल तोंडाला लागत नाही. एवढं करूनही अधूनमधून एखाद्या पाकिटात बुरशी निघायची. लातूरच्या दुकानदाराने सांगून टाकलं होतं, पुन्हा एक निघालं तर माल बंद. म्हणजे सगळ्या बायकांचं काम बंद.

"पाकिटाची प्लास्टिक फिल्मच खराब आली असेल," मी ऐटीत म्हणालो. पाकीट पाण्यात बुडवून दाबलं. तोंडाशी बारीक बुडबुडे आले. गळतंय हे कळलं, का गळतंय ते कळेना. फोडलं तर गळतीची जागाच हलणार. म्हणून मॅडमनी दुसरं तसंच गळकं पाकीट निवडून यंत्रात ठेवलं.

पडद्यावर चित्र उमटलं. चिकटवलेल्या पट्टीत एक तीळ अडकला होता आणि त्याच्या कडेने केसाएवढी वाट आरपार गेली होती. मला आनंद झाला. एवढं स्वच्छ चित्र रोज मिळत नाही. मॅडमचं लक्ष मात्र खाली होतं. चौघडी घातलेली धपाटी एकावर एक दिसत होती, आणि त्या बोट ठेवून मोजत होत्या.

"मावशी, पाकिटावर पाच लिहिलंय. इथं सहा दिसून राहिले."

मावशी पडद्याजवळ आल्या, वाकून बघितलं आणि खुश झाल्या. "हाव, ते वरचं हाय. लई साफ दिसतंय की."

मग सगळं उलगडलं. पाच धपाटी नळीतून शिस्तीत जायची. नळी काढली की मावशी हाताने वर एक ठेवायच्या, दाबून. माप पाचाचं, त्यामुळे सहावं तोंडाला घासायचं. एखाद्या पाकिटात तीळ नेमका पट्टीवर पडायचा आणि तसाच चिकटवला जायचा.

"मग वरचं बंद करा, मिटलं," मी म्हणालो.

"न्हाई."

"मावशी, माल बंद होईल."

"होऊ द्या. दुसरं काही तरी करू."

मला रागच आला. एवढं महागडं यंत्र लावून दुखणं शोधायचं, आणि पेशंट औषध घेणार नाही म्हणतो! मॅडमनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि मावशींना खुर्ची दिली. मावशी सांगू लागल्या. त्यांची लेक लातूरला शिकत होती तेव्हा त्या एस.टी.ने डबा पाठवायच्या. खोलीत दुसरी एक पोरगी होती. तिला घरून काहीच यायचं न्हाई. डबा उघडला की ती पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर जायची. लेकीनं हे सांगितल्यापासून मावशी वर एक जास्त ठेवू लागल्या, तेव्हा डब्यात, आता पाकिटात.

"पाच ज्याचे त्याचे. वरचं शेजारच्या लेकराचं," त्या म्हणाल्या. "ते काढलं तर मग काय, दुकानात बिस्किटाचे पुडे हायेतच की."

मॅडमनी पडद्यावरच्या सहाव्या धपाट्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "धपाटं राहू द्या. पाकीट बदलू."

ऐकताना सोपं वाटलं. पहिलं लांब पाकीट केलं तर आत धपाटी सरकून कडा मोडल्या. मग तळ रुंद केला, तर वरची चौघडी कलंडली. प्रत्येक नमुना हादरवून, यंत्रात फिरवून बघायचा, काप तपासायचे, पुन्हा कात्री घ्यायची. पाकिटं घेऊन मी स्वतः लोहा-लातूर एस.टी.च्या मागच्या सीटवर बसून आलो, कारण त्या सीटसारखी परीक्षा आमच्या यंत्रात होत नाही. मॅडम एकदाही वैतागल्या नाहीत. शेवटी एका चित्रात पट्टी कोरी दिसली आणि तिच्याखाली, मोकळ्या जागेत, सहावं धपाटं ऐसपैस बसलेलं. मॅडमनी मावशींना फोन लावला आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हेच, की वरचं बसलं. मला त्या दोघींचा फार अभिमान वाटला.

माल चालू राहिला. काही आठवड्यांनी मी लातूरला त्या दुकानावर गेलो. पाकिटाला फाडायला एक खाच ठेवली होती. ती सरळ फाटते का, ते बघायचं होतं. पायरीवर दोन मुली पुस्तकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एकीने पाकीट फोडलं, आत बघितलं, पाकिटावरचा आकडा बघितला आणि वरचं धपाटं काढून दुसरीपुढे धरलं. दुसरीने आधी मान हलवली, मग घेतलं.

खाच सरळ फाटली का, ते बघायचं राहूनच गेलं.