कापसाच्या गंजीतला स्पीकर

स्पीकर मी कापसावर ठेवला, इथंच चुकलं. कापूस मऊ असतो, स्पीकर महाग असतो, आणि महाग वस्तू मऊ जागी ठेवावी, एवढा साधा विचार होता. शनिवारची सकाळची शाळा आटोपून मी घरी येईपर्यंत बायकोनं शेवटच्या वेच्याची गाठोडी त्याच गंजीवर रिकामी करून टाकली होती. मला काय माहीत! मी आपला आतल्या खोलीत गेलो, कॉम्प्युटर चालू केला, गाणं लावलं, आणि बैठकीत येऊन पाहतो तर कापूस गात होता. सर्दी झालेल्या माणसासारखा, नाकातून.

मी स्पीकर काढायला गंजीवर चढणार, तोच ती ओरडली, "पाय नका घालू! कापूस घाण होते."

"अवं, पण माझा स्पीकर…"

"तो घाण होत नाही. राहू द्या तिथंच."

बैठकीत कापूस का, असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. त्या वर्षांत भावच असे पडले होते की आर्णीतल्या निम्म्या घरांच्या बैठकी कापसानं भरलेल्या, आणि घरचे लोक ओट्यावर. जिल्ह्यात तेव्हा कापसापेक्षा अभ्यासकांचं पीक जास्त यायचं. पांढऱ्या गाड्या यायच्या, माणसं उतरायची, "तुम्ही कापूस का लावता?" असं विचारायची, गंजीसोबत फोटो काढून जायची. कापूस तेवढा कुणी न्यायचं नाही.

आमची शेती बायको करते. सातबारा माझ्या नावावर आहे, पण तो कागद सोडला तर शेतीशी माझा संबंध जेवणापुरता. दिवाळीपासून तिनं कापूस धरून ठेवला होता. शेजाऱ्यांनी सांगितलं, विकून टाक. मीही सांगितलं, चार लोकांत सांगितलं, म्हणजे जास्तच चुकलं. ती म्हणाली, "भाव पाहीन, मंग देईन." तिकडे विहिरीवरची मोटर जळालेली, गहू पाण्यावाचून उभा, आणि नवी मोटर निघणार होती ती याच गंजीतून.

नेमक्या अशा वेळी मी नागपूरहून वायरलेस स्पीकर आणले. एक डबी कॉम्प्युटरला लावायची, आणि घरात चार ठिकाणी चार स्पीकर ठेवायचे. तार नाही, काही नाही. कॉम्प्युटरवर लावलेलं गाणं चारही ठिकाणी एकदम वाजतं. सेलवर चालतात, त्यामुळे लोडशेडिंगची भीती नाही, असं दुकानदार म्हणाला. कॉम्प्युटरला वीज लागते, हे तो म्हणाला नाही आणि माझ्याही लक्षात आलं नाही.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तारेबिगर आवाज येते म्हणता. तारेबिगर पाणी चढवणारं काही नव्हतं का त्या दुकानात?"

चारांपैकी एक स्पीकर मी मोरीत लावला, तो तिसऱ्या आंघोळीला वारला. स्वयंपाकघरातला तिनं पहिल्याच दिवशी बंद करून त्यावर मिठाची बरणी ठेवली. आईच्या खोलीतला तेवढा चालू असायचा, कारण आईला कुणीतरी बोलत राहिलेलं आवडतं. चौथा बैठकीतला. कॉम्प्युटरला मी एक माईकही जोडला होता. त्यात बोललं की आपला आवाज सगळ्या खोल्यांत. त्यावरून मी "चहा झाला का?" एवढंच विचारायचो. उत्तर मात्र तिकडून तारेबिगरच यायचं, आणि माझ्यापेक्षा मोठं.

तर त्या शनिवारी दुपारी व्यापारी आला. गावोगाव घरी जाऊन कापूस घेणारा, ओळखीचा माणूस. बाहेर गाडी, काटा, दोन हमाल. त्याला पाहताच मी आत धावलो आणि गाणं बंद केलं. गाणारा कापूस कोण घेईल?

त्यानं गंजीत कोपरापर्यंत हात घातला. स्पीकर हाताला लागू नये, एवढंच मी मनात म्हणत होतो. मूठभर कापूस काढला, दोन अंगठ्यांत धागा ओढून पाहिला, आणि तोंड वाकडं केलं. धागा चांगला असला की व्यापारी तोंड वाकडं करतो, एवढं मलाही कळतं.

"कवडी लय दिसून राह्यली, वहिनी. किडकी बोंडं."

"एक बोंड दाखवा कवडीचं," बायको म्हणाली. "दाखवलं तं फुकट देतो सगळा."

त्यानं एक भाव सांगितला. तो ऐकून ती नुसती हसली. तिनं एक सांगितला. तो ऐकून तो हसला. मग म्हणाला, "जा, घरात इचार करा दोघं. मी चहा घेतो तवर."

आम्ही आतल्या खोलीत आलो. कॉम्प्युटरपाशी उभं राहून ती हळू आवाजात म्हणाली, "मोटरीपुरता निघाला पाह्यजे." आणि तिनं आपला शेवटचा आकडा सांगितला. "याच्या खाली मी देत नाही."

माझं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी मी दिलं. "थोडा खाली आला तरी देऊन टाक. उगाच ताणू नको." आणि मीही एक आकडा सांगितला. तिच्यापेक्षा बराच खालचा.

बाहेर आलो. व्यापाऱ्यानं कप खाली ठेवला आणि भाव वाढवला. किती? बरोबर माझ्या आकड्याएवढा! मला जरा बरंच वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मताप्रमाणे वागत होतं.

बायको मात्र त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होती. तेवढ्यात आई मागच्या खोलीतून काठी टेकत स्वयंपाकघरात आली आणि तिला आत बोलावलं. मीही मागोमाग गेलो. आई म्हणाली, "सूनबाई, एवढ्यातच द्याचा होता तं मंग मले दोन महिने बैठकीत बसू काहून नाही दिलं?"

"तुमाले कोणं सांगतलं, आत्याबाई?"

"त्या डब्ब्यानं. तू आकडा सांगतला, मंग यानं सांगतला. सारं ऐकू आलं."

गाणं मी बंद केलं होतं. माईकचं बटण वेगळं असतं.

बैलबाजारात आमच्याकडे रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवतात. शेजारी उभ्या माणसालाही कळू नये म्हणून. आणि मी आमचा भाव खुद्द गिऱ्हाइकाच्या कानाशी, कापसातून सांगितला होता. मी आतल्या खोलीत बटणाकडे झेपावलो, तर मागून येऊन बायकोनं माझा हात धरला. ओठांवर बोट ठेवलं. मग माईकजवळ येऊन, शेतात गुरं हाकलणाऱ्या त्या आवाजाला जमेल तेवढं कुजबुजत म्हणाली, "ऐकलं का? पांढरकवड्याचा व्यापारी संध्याकाळी गाडी घेऊन येऊन राह्यला. त्यानं चांगला भाव कबूल केला. याले चहा पाजून वाटेला लावा."

मी विचारलं, "कोणता पांढरकवड्याचा?"

तिनं माझ्या पायावर पाय दिला. सगळ्या वजनानिशी.

"हां हां, तो!" मी म्हणालो. "तो मिशीवाला!"

बाहेर आलो तेव्हा व्यापारी गंजीकडे तोंड करून बसला होता, भजन ऐकायला बसावं तसा. त्यानं एकदा गंजीकडे पाहिलं, एकदा माझ्या पायाकडे. मी लंगडत होतो. मग दोघांची जुंपली. तो चढत गेला, ती थोडी उतरली, आणि सौदा तिच्या शेवटच्या आकड्याच्या दोन पावलं वर जाऊन पटला. मोटर निघाली, वर पाइपही निघाला.

हमालांनी गंजी उपसायला घेतली. गठ्ठा काट्यावर चढायचा, तोलला जायचा, गाडीत जायचा. एक गठ्ठा तोलून खाली उतरवताना त्यातून माझा स्पीकर टपकन जमिनीवर पडला.

मी म्हणालो, "याचं वजन कापा, भाऊ."

"राहू द्या, मास्तर," व्यापारी म्हणाला. "सौदा तं यानंच जमवला. त्याची दलाली समजा." पैसे देऊन, गाडीत बसता बसता पुन्हा मान बाहेर काढून म्हणाला, "अन् त्या मिशीवाल्याले माझा नमस्कार सांगजा!"

बैठक रिकामी झाली. फरशी दिसू लागली, आई येऊन मधोमध बसली. मी स्पीकरला चिकटलेला कापूस एकेक करून वेचत होतो. एवढ्या वर्षांत मी वेचलेला कापूस तेवढाच. पैसे डब्यात ठेवून बायको बाहेर आली, माझ्या हातातल्या स्पीकरकडे पाहिलं, आणि म्हणाली,

"याचं बटन कुठं असते ते मले समजलं. आता तुमचं कुठं आहे, तेवढं सांगा."